टक्के कशाचे?

निफाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते, त्याला आता तेवीस वर्षं होतील. पाचवी ते दहावी सगळे वर्ग घेतले. पण मला स्वतःला सर्वांत जास्त शिकवलं ते शेकडेवारीतल्या वाढीनं आणि घटीनं. सूत्र एका ओळीचं आहे: झालेला बदल भागिले मूळ संख्या, गुणिले शंभर. पहिल्या वर्षी मी ते फळ्यावर लिहिलं, भोवती चौकट काढली, वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि पुढच्या तासाला नफा-तोटा सुरू केला. सहामाहीत एक प्रश्न घातला होता. एका वस्तूची किंमत आधी २० टक्क्यांनी वाढवली, मग २० टक्क्यांनी कमी केली, तर शेवटी किंमत किती? चोपन्न मुलांपैकी पाच जणांचं उत्तर बरोबर आलं. बाकीच्यांनी 'होती तेवढीच' असं लिहिलं होतं. मी एकोणपन्नास फुल्या मारल्या आणि पेपर वाटून टाकले. त्या फुल्या खरं तर माझ्या शिकवण्यावर बसल्या होत्या, हे उमगायला काही वर्षं गेली. त्यानंतर जे जे उमगत गेलं ते इथं मांडते आहे. तुम्ही शिक्षक नसलात तरी यातलं काही ना काही तुमच्या घरातही घडलं असेल.

१. चुकलेलं उत्तर म्हणजे मुलाचं बोलणंच असतं, फक्त ते आपण ऐकून घेत नाही. ४० रुपयांची वही ५० रुपयांना झाली, शेकडा वाढ किती? या एका प्रश्नाला वर्गात दरवर्षी तीन उत्तरं येतात: २५, २० आणि १०. पूर्वी मी २५ वर बरोबरची खूण करायची आणि पुढं जायची. आता थांबते. दहा लिहिणाऱ्यानं नुसती वजाबाकी केलेली असते, रुपये आणि टक्के त्याच्या मनात अजून वेगळे झालेले नसतात. वीस लिहिणाऱ्यानं मात्र सगळं बरोबर केलेलं असतं, फक्त भागताना पन्नासनं भागलेलं असतं. का, असं विचारलं तर मुलं प्रामाणिकपणे सांगतात. 'मोठ्या संख्येनं भागायचं असतं ना?' किंवा 'पन्नास नंतर आले म्हणून.' एकदा एका मुलीनं सांगितलं, 'मॅडम, पन्नासनं शंभरला लगेच भाग जातो.' तिला मी काय बोलणार? मी सूत्रात 'मूळ संख्या' हे शब्द लिहिले होते, पण मूळ म्हणजे काय, ते कसं ओळखायचं, आणि दुसऱ्या संख्येनं भागलं तर काय बिघडतं, यावर मी एक मिनिटही घालवलं नव्हतं. तेव्हापासून वर्गात टक्के हा शब्द कुणीही उच्चारला की बाकीच्यांनी विचारायचं, 'कशाचे?' सुरुवातीला मुलं खेळ म्हणून विचारतात. दिवाळीपर्यंत ती सवय होते.

२. घट म्हणजे काय, हे माझ्या वर्गातल्या मुलांना माझ्या आधीपासून माहीत होतं. आमच्याकडे उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये काढतात आणि भाव येईपर्यंत चाळीत साठवतात. लासलगावची बाजार समिती जवळच, त्यामुळे सकाळी लिलावात काय भाव निघाला हे दुपारच्या सुट्टीपर्यंत पोरांना कळलेलं असतं. चाळीतला कांदा सुकतो, काही सडतो, काहीला कोंब फुटतात, आणि वजन उतरतं. त्या उतरलेल्या वजनाला इथं घरोघरी 'घट' म्हणतात. पुस्तकातला शब्दही तोच. पण पुस्तकातली घट आणि चाळीतली घट एकच आहे हे मी कधी जोडून दाखवलं नव्हतं.

एका वर्षी दाखवलं. फळ्यावर लिहिलं: चाळीत १०० क्विंटल कांदा भरला, त्या दिवशी भाव क्विंटलला १५०० रुपये. म्हणजे दीड लाखाचा माल. चार महिन्यांनी चाळ फोडली, ३० टक्के घट आली. चाळीचा खर्च, मजुरी, सगळं बाजूला ठेवू. नुसते तेवढेच दीड लाख हाती यायला भाव किती टक्क्यांनी वाढायला हवा? वर्ग एका सुरात म्हणाला, 'तीस.' मी म्हटलं, करून पाहा. भाव ३० टक्के वाढून १९५० झाला. माल उरला ७० क्विंटल. गुणाकार आला १,३६,५००. साडेतेरा हजार कमी. वर्ग गप्प झाला. हे साडेतेरा हजार पुस्तकातले नव्हते. त्यातल्या निम्म्या मुलांच्या घरी तो हिशेब खरोखर चालू होता. मग दीड लाखाला सत्तरनं भागलं. भाव निघाला साधारण २१४३ रुपये, म्हणजे जवळजवळ ४३ टक्के वाढ. वजन तीस टक्क्यांनी उतरलं तर भाव त्रेचाळीस टक्क्यांनी चढला पाहिजे. कारण घट शंभर क्विंटलवर मोजली आणि भरपाई करायची ती उरलेल्या सत्तर क्विंटलांनी.

तो तास इथंच संपला असता तरी चाललं असतं. पण खिडकीजवळच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. गणितात तो कधी पस्तीसच्या पुढं गेलेला नव्हता. तो म्हणाला, 'मॅडम, चाळीतून काढल्यावर निवडतात. त्यात अजून दहा टक्के जातो.' मी वर्गाला विचारलं, म्हणजे एकूण घट किती? पुढच्या बाकावरच्या हुशार मुलांनी सांगितलं, 'चाळीस.' हा मुलगा म्हणाला, 'चाळीस नाही. ते दहा राहिलेल्यावर.'

राहिलेल्यावर. सत्तरचे दहा टक्के सात, उरले त्रेसष्ट, एकूण घट सदतीस टक्के. हा एक शब्द मुलांच्या डोक्यात उतरावा म्हणून मी पंधरा-सोळा वर्षं फळा भरवत होते, आणि त्याच्या घरात तो रोज बोलला जात होता. त्या दिवशी मी त्याला खडू दिला आणि पुढचं उदाहरण त्यानंच सोडवलं. आकडेमोडीत तो दोनदा अडखळला, पण पाया एकदाही चुकला नाही. आजही कुणी मला मुलांची 'कच्ची' आणि 'पक्की' अशी विभागणी करायला सांगितली की तो खिडकीजवळचा बाक डोळ्यांपुढं येतो.

३. कागदाची एक पट्टी आणि एक कात्री, यापेक्षा चांगलं साधन मला अजून मिळालेलं नाही. जुन्या वहीच्या पानाची लांब पट्टी घ्यायची, तिच्या पाच सारख्या घड्या घालायच्या. एक घडी म्हणजे २० टक्के. ती कापायची. आता कापलेला तुकडा उरलेल्या पट्टीवर ठेवून पाहायचा, किती वेळा बसतो ते. चार वेळा बसतो. म्हणजे जो तुकडा मघाशी वीस टक्के होता तोच आता पंचवीस टक्के आहे. तुकडा तोच, हातात धरलेला, एका मिलिमीटरनंही बदललेला नाही. बदललं ते फक्त आपण त्याला कशाशी लावून पाहतो ते. मुलं तो तुकडा पुन्हा पुन्हा लावून बघतात. काही जण तर कंपासपेटीत जपून ठेवतात.

आठवीच्या पुस्तकात सूट आणि कमिशन येतं तेव्हा ही पट्टी पुन्हा बाहेर निघते. २० टक्के सूट मिळून ड्रेस ४८० रुपयांना पडला, छापील किंमत किती? बहुतेक मुलं ४८० चे २० टक्के काढून मिळवतात, उत्तर ५७६. पट्टी घेतली की बोलावं लागत नाही. चार घड्या मिळून ४८०, एक घडी १२०, पाच घड्या ६००. आणि ५७६ लिहिणारं मूल स्वतःच म्हणतं, 'मी सूट चार घड्यांवर काढली होती.'

४. गणिताआधी मराठी तपासावी. 'किंमत २० टक्क्यांनी उतरली' आणि 'किंमत २० टक्क्यांवर उतरली' या दोन वाक्यांत एका प्रत्ययाचा फरक आहे, आणि शंभराच्या वस्तूचे एकात ८० होतात, दुसऱ्यात २०. मुलं घाईत आकडा वाचतात, प्रत्यय वाचत नाहीत. मी स्वतःही शिकवताना 'वीस टक्के वाढ', 'वीस टक्क्यांची वाढ', 'वीस टक्के झालं' असं काहीही बोलून जात होते. सेमी-इंग्रजीच्या तुकडीवर तर तीच गल्लत इंग्रजी शब्दांच्या आडून येते. शेवटी मराठीच्या बाईंना बरोबर घेतलं आणि दोघींनी मिळून एक तास केवळ 'ने', 'वर', 'पैकी' आणि 'चे' यांवर घेतला. त्या तासाला एकही उदाहरण सोडवलं नाही.

'पट' या शब्दाचीही तीच गत. दर तिप्पट झाला म्हणजे किती टक्के वाढला? वर्ग म्हणतो तीनशे. शंभराचे तीनशे झाले, त्यातले शंभर आधीचेच होते, वाढ दोनशे टक्क्यांची. वर्तमानपत्रात 'तिपटीनं वाढ' असं वाचलं की माझी मुलं आता हात वर करून विचारतात, तिप्पट झालं की तिप्पट वाढलं? कोणत्या बातमीत काय अभिप्रेत आहे हे मलाही नेहमी सांगता येत नाही. मी तसं त्यांना सांगते.

५. आमच्या आजोबांच्या पिढीकडे गुणायची रीत तयार होती, आणि ती मी पुस्तकी पद्धतीखाली गाडून टाकली होती. माझे आजोबा किराणा दुकान चालवायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे त्यांना झोपेतून उठवलं तरी येत. मी मुलांना २५ टक्के वाढ दोन पायऱ्यांत शिकवायची: आधी पंचवीस टक्के काढा, मग मूळ किमतीत मिळवा. आजोबांनी ते एका शब्दात केलं असतं, सव्वापट. पन्नास टक्के वाढ म्हणजे दीडपट. पंचवीस टक्के घट म्हणजे पाऊणपट. सवाई माधवरावांच्या नावातला 'सवाई' हा सव्वाच, एकाला सव्वा. धान्य उसनं देऊन हंगामानंतर दीडपट परत घ्यायचं त्या रिवाजाला वाढीदिढी म्हणत. एका हंगामात पन्नास टक्के वाढ त्या शब्दातच बसलेली आहे, आणि ती फेडताना किती घरं वाकली असतील याचा विचार मुलांनी करावा असं मला मनापासून वाटतं.

'पट' हाताशी आला की पुढचं फार सोपं होतं. २० टक्के वाढ म्हणजे १.२ पट, २० टक्के घट म्हणजे ०.८ पट. दोन्ही एकामागून एक केल्या तर गुणाकार ०.९६, म्हणजे शंभराचे शहाण्णव. ज्या प्रश्नाला मी पहिल्या वर्षी एकोणपन्नास फुल्या मारल्या तो एका ओळीत सुटतो. यात एक मजा आहे. आधी घट आणि मग वाढ केली तर जास्त उरेल की कमी, असं विचारलं की वर्गात दोन तट पडतात, जोरजोरात वाद होतो. मग कुणीतरी गुणाकार करतं. ऐंशीचे वीस टक्के वाढवले, शहाण्णवच. क्रम बदलून काही होत नाही, कारण गुणाकारात क्रमाला किंमत नाही. हे मुलं पाचवीपासून जाणतात. ते इथं येऊन भेटेल असं मात्र त्यांना वाटलेलं नसतं.

पण पट आधी शिकवू नये. कागदाची पट्टी आधी, पट नंतर. मी एका वर्षी उलटं केलं आणि मुलं १.२ नं गुणायला शिकली, पण वीस टक्के कशाचे हे पुन्हा विसरली.

६. वाढ शंभर टक्क्यांच्या पुढं जाऊ शकते, घट नाही. हे मी कधीच सांगत नाही, मुलांना सापडू देते. कुणीतरी उत्तर काढतं '१५० टक्के घट', आणि शेजारचा विचारतो, 'मग कांदा कुठून आणला?'

७. एका पालकसभेत ऐंशी ओलांडलेल्या एका आजोबांनी मला आणा शिकवला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. कंपासपेटीवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला, वह्या आणि पेन्सिली करमुक्त झाल्या. मुलांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू, त्यामुळं मी लगेच तो विषय वर्गात घेतला. कर बाराचा पाच झाला, तर कंपासपेटी किती टक्क्यांनी स्वस्त व्हायला हवी? 'सात,' वर्ग म्हणाला. आपण काय देत होतो ते पाहा, असं मी सांगितलं. १०० रुपयांची पेटी करासकट ११२ ला पडत होती, आता १०५ ला. सात रुपये वाचले ते ११२ मधून. सात भागिले एकशे बारा. भागाकार करत मुलांनी उत्तर आणलं सव्वासहा टक्के. वहीचंही तसंच. ११२ चे १०० झाले म्हणजे बारा टक्के स्वस्त नाही, पावणेअकराच्या जवळपास.

तो हिशेब मी पालकसभेत फळ्यावर तसाच ठेवला होता. नातवाबरोबर आलेले हे आजोबा बराच वेळ फळ्याकडं बघत बसले आणि म्हणाले, 'बाई, हा रुपयामागं एक आणा झाला.' मी मनात मांडून पाहिलं. रुपयाचे सोळा आणे, सोळातला एक म्हणजे सव्वासहा टक्के. एकशे बाराला सातनं भागलं की बरोबर सोळा येतात. दशांशाच्या मागं लागून आम्ही जे दोन मिनिटांत काढलं ते त्यांना अपूर्णांक म्हणून एका नजरेत दिसलं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि रुपयाचे शंभर भाग झाले, त्याआधी ते शाळेत आणे-पै शिकले होते. शंभराचेच भाग पाडायला हवेत असं काही नाही, तो केवळ आपण ठरवलेला सोयीचा आकडा आहे, हे त्या दिवशी मुलांना त्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं. पुस्तकात अजूनही साडेबारा आणि सव्वासहा असे आडनिडे टक्के का भेटतात, याचाही उलगडा झाला. दोन आणे आणि एक आणा.

८. आपल्या स्वतःच्या पगाराचे टक्के आपल्याला कळतात असं समजू नये. राज्य सरकारनं महागाई भत्ता १ जुलै २०२४ पासून ५० वरून ५३ टक्के केला, तो आदेश आला तेव्हा शिक्षककक्षात मी म्हणाले, 'चला, पगार तीन टक्क्यांनी वाढला.' आमचे लिपिक समोर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, 'मॅडम, दोन.' त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. मूळ वेतन शंभर धरलं, तर भत्ता धरून दीडशे मिळत होते, आता एकशे त्रेपन्न. घरभाडं वगैरे बाजूला ठेवा. दीडशेवर तीन म्हणजे दोन टक्के. आणि नुसता भत्ता पाहिला तर पन्नासचे त्रेपन्न झाले, तो सहा टक्क्यांनी वाढला. एकाच आदेशात दोन, तीन आणि सहा हे तिन्ही आकडे खरे आहेत. मी इतकी वर्षं वर्गाला 'कशाचे?' विचारायला लावते आणि स्वतःच्या पगारापाशी विचारायला विसरले. त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही, धीर आला. चुकणाऱ्या मुलांच्या बाजूला बसल्यासारखं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात तो धडा कांद्यावर नेला. सप्टेंबर २०२४ मध्ये कांद्याचं निर्यातशुल्क ४० टक्क्यांवरून २० वर आलं होतं. कुणी म्हणेल वीस टक्के कपात, कुणी म्हणेल निम्म्यानं कपात. परदेशातल्या घेणाऱ्याला माल किती स्वस्त पडला? एकशे चाळीसचे एकशे वीस, म्हणजे सव्वाचौदा टक्क्यांच्या थोडं वर. तिन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकासमोर 'कशाचे?' याचं उत्तर मुलांनी भरलं. मग एक मुलगी म्हणाली, 'ज्याला जे दाखवायचंय तो तो आकडा घेईल.' आठवीतली मुलगी. मी तिला 'बरोबर' एवढंच म्हणाले, आणि घरी जाताना वाटभर तिचं वाक्य डोक्यात होतं.

९. 'कशाचे' हा अर्धाच प्रश्न आहे, हे मला एका मुलीमुळं कळलं, आणि यातलं सर्वांत महत्त्वाचं मला हेच वाटतं. सरळव्याजाचा धडा चालू होता. द.सा.द.शे. १२ दरानं १०,००० रुपये, असं नेहमीचं उदाहरण. ही मुलगी म्हणाली, 'बँक खूप घेते मॅडम. आमच्या इथं तीन टक्क्यानंच देतात.' मी विचारलं, तीन टक्के कधीचे? तिला प्रश्नच कळला नाही. गावात 'तीन टक्क्यानं पैसे घेतले' असं म्हणतात तेव्हा ते महिन्याचे असतात. ते सगळ्यांना माहीत असतं म्हणून कुणी बोलून दाखवत नाही. बँकेचा दर वर्षाचा. द.सा.द.शे. याचा अर्थ दर साल दर शेकडा, ही चार अक्षरं मुलं मंत्रासारखी वाचतात, त्यातला 'साल' त्यांच्या कानावरून निघून जातो. मी वर्गात दोन रकाने केले. दहा हजारांवर बँकेचं वर्षाचं सरळव्याज १२०० रुपये. तीन टक्के महिन्याचं, बारा महिन्यांचं मिळून ३६०० रुपये. ती मुलगी वहीत न लिहिता नुसती फळ्याकडं पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. बचत गटातल्या बाई होत्या, हिशेबाच्या पक्क्या. त्यांनी मला फळ्यावरचं तेच पुन्हा मांडून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. त्या म्हणाल्या, 'फरक असतो हे माहीत होतं. तिप्पट असतं हे कधी मांडून नव्हतं पाहिलं.' आणि निघून गेल्या. तेव्हापासून शेकडेवारीच्या कुठल्याही तासाला मी दोन प्रश्न लिहून ठेवते: कशाचे, आणि किती दिवसांचे. बाकी सगळा धडा एखाद वेळी अपुरा राहिला तरी हे दोन प्रश्न राहू देत नाही. शिकवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की सूत्राच्या आधी हे दोन प्रश्न मुलांच्या हाती द्या. परीक्षेत ते दोन गुणांचे असतील. घरात ते कर्जाचे, पिकाचे आणि औषधपाण्याचे असतात.

१०. मोजणं हाताला लागलं पाहिजे. गेल्या एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागायच्या आत आठवीच्या मुलांनी जाळीच्या पिशवीत १० किलो उन्हाळ कांदा भरला आणि एकाच्या घरच्या चाळीत टांगून ठेवला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ही मुलं नववीत आली होती, तरी पिशवी घेऊन आली. विज्ञानाच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावर वजन भरलं ८ किलो ७०० ग्रॅम. मी एका पुठ्ठ्यावर तीन रकान्यांचा तक्ता आखून दिला होता: तारीख, वजन, शेकडा घट. मुलांनी १३ लिहिले. ऑगस्टमध्ये पुन्हा वजन केलं, ७ किलो ८३० ग्रॅम. एकानं १० लिहिलं, दुसऱ्यानं २१.७ लिहिलं, आणि भांडण लागलं. पहिल्यानं जूनच्या वजनावर घट काढली होती, दुसऱ्यानं एप्रिलच्या. दोघंही बरोबर होते. मी मध्ये पडले नाही.

दुपारच्या सुट्टीनंतर वर्गात गेले तर तक्त्यात पट्टीनं चौथा रकाना आखलेला होता. त्यावर मथळा लिहिला होता, 'कशावर'. खाली दोन ओळी होत्या. १० टक्के, ८ किलो ७०० ग्रॅमवर. २१.७ टक्के, १० किलोवर.